व्हॉल्व्ह घ्या, होज बदला: जुन्या पिकअपच्या टाकीसाठी व्हेंट किट

रोलओव्हर व्हॉल्व्ह (गाडी उलटली तर बंद होणारी झडप), रबरी ग्रोमेट (भोकात बसणारी कडी), मीटरभर होज, दोन क्लिपा आणि टोकाला लावायचा छोटा फिल्टर. जुन्या पिकअपसाठी मिळणाऱ्या सार्वत्रिक व्हेंट किटमध्ये, म्हणजे टाकीत हवा येण्या-जाण्याची वाट करणाऱ्या संचात, साधारण एवढंच असतं. वस्तू कामाची आहे. पण ती मुख्यतः एकाच दुखण्यावरचं औषध आहे आणि पुष्कळ जण ती दुसऱ्याच दुखण्यासाठी मागवतात.

किट बरं करतं ते दुखणं असं: गाडी वीस-पंचवीस मिनिटं छान चालते, मग चढावर झटके खायला लागते आणि बंद पडते. थोडा वेळ उभी ठेवली की पुन्हा सुरू होते. अशा वेळी पंप किंवा कार्ब्युरेटर उघडण्याआधी टाकीचं झाकण सैल करा. हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला आणि इंजिन लगेच सुधारलं, तर टाकीत निर्वात तयार झालाय. व्हेपर लॉक (नळीत पेट्रोलची वाफ अडकणं) असेल तर झाकण उघडून काहीच फरक पडत नाही. टाकी काठोकाठ भरलेली असताना हा त्रास लवकर होतो, कारण पेट्रोलच्या वर हवाच थोडी असते.

हा निर्वात किरकोळ समजू नका. वरचा पत्रा ६० बाय ४० सेंटिमीटर धरला आणि आत दाब फक्त अर्धा पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) कमी झाला, तरी पत्र्यावर साधारण ८४ किलोचा भार येतो. टाकी चेपते ती अशी. मोजायला पारदर्शक नळी यू आकारात वाकवून त्यात पाणी भरा आणि एक टोक व्हेंट सोडून टाकीच्या वरच्या दुसऱ्या एखाद्या तोटीला जोडा. दोन्ही बाजूंच्या पाण्यात ३५ सेंटिमीटरचा फरक म्हणजे अर्धा पीएसआय. इंजिन चालू ठेवून दहा मिनिटं बघा. पाणी हललंच नाही, तर व्हेंटच्या मागे लागू नका.

आता किट बरं करत नाही ते दुखणं. पेट्रोल भरताना नोझल सारखं टक् करून बंद होतं, पेट्रोल गळ्याशी उसळतं, आणि मालक व्हेंट किट मागवतो. हिशेब बघा. तासाला २० लिटर पेट्रोल पिणाऱ्या इंजिनाला टाकीत मिनिटाला लिटरच्या तिसऱ्या भागाएवढी हवा पुरते. पंपावरचं नोझल मिनिटाला ३८ लिटरपर्यंत ओतू शकतं, आणि तेवढीच हवा बाहेर पडायला हवी. म्हणजे शंभरपटीहून जास्त. ते काम भरण्याच्या मानेला समांतर जाणाऱ्या जाड होजचं. ती मुडपलेली, आतून सुजलेली किंवा खालच्या जोडाशी पेट्रोलनं भरून राहिलेली असते. तीच बदला.

किट घेण्याआधी झाकणही तपासा. जुन्या गाड्यांना हवा घेणारं झाकण असायचं. बाष्प अडवण्याचे नियम अमेरिकेत १९७० साली कॅलिफोर्नियात आणि १९७१ साली इतरत्र आले, तेव्हापासून बंद झाकणं सर्रास झाली. दोन्ही एकाच मानेवर बसू शकतात. कुणीतरी कधीतरी बदललेलं झाकण हेच कारण निघालं, तर किटचे पैसे वाचले. ‘व्हेंटेड’ लिहिलेली काही झाकणं हवा फक्त आत घेतात, दाब मात्र धरून ठेवतात. तो दाब उन्हात वाढतो, कार्ब्युरेटरचा नीडल व्हॉल्व्ह (पेट्रोल आत सोडणारी सुईची झडप) उचलतो आणि गरम उभी राहिलेली गाडी फ्लड होते, म्हणजे इंजिनात जादा पेट्रोल जातं. हा दाब मोकळा करायला किट अगदी योग्य आहे.

किटमधला खरा ऐवज म्हणजे व्हॉल्व्ह. सरळ धरून फुंकल्यास हवा अडखळता कामा नये, उलटा केला की पूर्ण बंद झाला पाहिजे आणि हलवल्यावर आतली गोळी खडखडली पाहिजे. नवा असतानाच हे करून बघा. होजवर एसएई जे३०आर७ (पेट्रोलच्या होजचं मानक) असा शिक्का नसेल तर ती सरळ टाकून द्या. साध्या रबराला इथेनॉलमिश्रित पेट्रोल मऊ करून चिकटवतं, आणि नवा व्हेंट आतूनच मिटतो. खाचांच्या पट्टीची क्लिप होजला कापते, तिच्याऐवजी गुळगुळीत पट्टीची लावा.

बसवताना टाकीला नवं भोक पाडायचं टाळा. गेजच्या सेंडरवर (टाकीतली पातळी मोजणारा भाग) किंवा जुन्या बाष्पनळीच्या तोटीवर जागा असेल तर तिथेच जोडा. पेट्रोल काढून घेतलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण आत बाष्प असतं. नीट धुऊन बाष्प काढल्याशिवाय तिला ड्रिल लावू नका. व्हॉल्व्ह टाकीच्या सर्वांत उंच जागी, अगदी उभा. तिरका बसला तर गोळी चढावरच भोक बंद करते.

होजचा मार्ग हीच खरी कारागिरी. व्हॉल्व्हपासून ती आधी वर, भरण्याच्या मानेइतक्या उंचीपर्यंत न्या आणि मग सलग उतरती बाहेर सोडा. मध्ये झोळ राहिला की त्यात पेट्रोल साचतं. १५ सेंटिमीटरचा झोळ भरला तर ११ सेंटिमीटर पाण्याएवढा दाब पडल्याशिवाय हवा पलीकडे जात नाही, म्हणजे मघाच्याच पत्र्यावर २६ किलो. १९६७ ते १९७२ च्या शेव्हरले पिकअपमध्ये टाकी सीटच्या मागे, केबिनमध्येच असते. तिथे होजचं टोक केबिनबाहेर, सायलेन्सरपासून लांब आणि तोंड खाली करून निघालंच पाहिजे. याबाबतीत तडजोड नको.

फिल्टर क्षुल्लक वाटतो, पण तो वगळू नका. २०११ साली माझदानं उत्तर अमेरिकेत सुमारे ६५,००० गाड्या परत बोलावल्या, कारण व्हेंटच्या नळीत कोळी जाळं विणत होते आणि टाकीला तडा जायची भीती होती. वर्षातून एकदा फिल्टर काढून हवेनं झटकावा, चिखलात चालणाऱ्या गाडीचा दोनदा.

गाडीला मूळचा कोळशाचा कॅनिस्टर (पेट्रोलचं बाष्प शोषणारा डबा) असेल तर होज मोकळी न सोडता त्यालाच जोडा. अमेरिकेत तो काढून टाकणं कायद्याला धरून नाही. टाकी मानेपर्यंतही भरू नका. ७५ लिटर पेट्रोल २० अंशांनी तापलं तर जवळपास दीड लिटर फुगतं, आणि तेवढं पातळ पेट्रोल कॅनिस्टरमध्ये गेलं की कोळसा निकामी होतो.

१९७३ नंतरच्या, फ्रेमच्या दोन्ही बाजूंना टाकी असलेल्या शेव्हरलेला दोन किट घ्या. एका व्हॉल्व्हवर दोन्ही टाक्या टी (तीन तोंडांचा जोड) लावून जोडल्या तर ती एक होज बुजताच दोन्ही टाक्या एकदमच अडतात.