स्टॅफिलोकॉकस की पुंजगोलाणू?

मराठीत जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका मैत्रिणीला प्रश्न पडलाय: जिवाणूंच्या आकाराचे ग्रीक शब्द देवनागरीत तसेच ठेवायचे, की विश्वकोशातले मराठी प्रतिशब्द घ्यायचे?

अर्थ कळण्यात मराठी सरळ पुढे. गोलाणू म्हणजे गोल, मालागोलाणू (स्ट्रेप्टोकॉकस) म्हणजे माळेत असलेले, पुंजगोलाणू (स्टॅफिलोकॉकस) म्हणजे पुंजक्यात. ग्रीक शब्द मात्र फोडून दाखवावे लागतात: ‘कॉक्कोस’ म्हणजे दाणा, ‘स्टाफिले’ म्हणजे द्राक्षांचा घड, ‘स्ट्रेप्टोस’ म्हणजे पिळलेला. फोडल्यावर मात्र ते डोळ्यांसमोर उभे राहतात. 1882 मध्ये स्कॉटिश शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी स्टॅफिलोकॉकस हे नाव दिलं, ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या घडांवरूनच. ‘पुंज’मध्ये तो घड हरवतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

नेमकेपणात ग्रीक जिंकतं, आणि माझ्या मते हाच मुद्दा सर्वांत वजनदार आहे. स्ट्रेप्टोकॉकस हे एका प्रजातीचं (genus, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं) नाव आहे. एंटेरोकॉकससुद्धा छोट्या माळा करतो, पण 1984 पासून त्याची प्रजाती वेगळी मानतात. मालागोलाणू म्हटलं की आकार कळतो, पण प्रजाती कोणती ते ठरत नाही.

माहिती शोधायला आणि प्रयोगशाळेचा अहवाल वाचायलाही ग्रीकच लागतं.

म्हणून आठवी-नववीच्या वर्गात आणि वर्तमानपत्रातल्या लेखात मराठी शब्द घ्यावेत. नर्सिंग, फार्मसी, सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून ग्रीक शब्द द्यावेत, पण फोड करून.