दहा रविवार, साडेचार हजार रुपये आणि एक कुलूपबंद कपाट

परराष्ट्र धोरणाचा क्लास लावलाय म्हटल्यावर सूनबाई हसली. "बाबा, एमपीएससी देताय का?" म्हणाली. वय त्रेसष्ट. ओझरच्या विमान कारखान्यात, एचएएलला, फिटर म्हणून लागलो आणि निवृत्त होईपर्यंत विमानांच्या पोटाखालीच होतो. आयुष्यभर रशियन विमानांचे नट आवळले, ती विमानं आपल्याकडे का आली ते निवांतपणे कधी समजून घेतलं नव्हतं. नाशिकला कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत, बेकरीच्या वरच्या मजल्यावर 'प्रादेशिक युती, सुरक्षा आणि भारत' असा दहा रविवारांचा अभ्यासवर्ग लागल्याची पाटी दिसली आणि पैसे भरून टाकले. संस्थेचं नाव लिहीत नाही. गल्लीत गेलात की बेकरीच्या वासावरून सापडेल.

आधी तक्रारी, म्हणजे डोक्यातून जातील. तिसऱ्या रविवारचं सत्र रद्द झाल्याचा मेसेज सात चाळीसला आला. तोवर मी ओझरहून ॲक्टिव्हा काढून आडगावपर्यंत आलो होतो, थंडीने बोटं वाकत नव्हती. माहितीपत्रकात 'संशोधनपर ग्रंथांचं सुसज्ज वाचनालय' असं छापलंय. ते म्हणजे जिन्याशेजारचं काचेचं एक कपाट. त्याची किल्ली ऑफिसातल्या मुलाकडे असते आणि तो रविवारी येत नाही. वर्ग फक्त रविवारी. खुर्च्या प्लॅस्टिकच्या, दोन तासांनंतर कंबर बोलते. चहा मात्र खालून येतो आणि चांगला असतो.

पहिली दोन सत्रं अगदीच पुस्तकी होती. दक्षिण आशियाई देशांची संघटना सार्क १९८५ साली ढाक्याला, सात देश, २००७ला अफगाणिस्तान धरून आठ, सचिवालय काठमांडूला. बंगालच्या उपसागराभोवतालच्या देशांचं बिम्सटेक १९९७, बँकॉक. मग क्वाड, ऑकस, शांघाय असे बाकीचे गट. पडद्यावर एकामागून एक झेंडे. समोरच्या बाकावरच्या स्पर्धा परीक्षेच्या मुली भराभर उतरवून घेत होत्या, मी जांभया देत होतो. सार्कची शेवटची शिखर परिषद २०१४ला झाली, २०१६ची इस्लामाबादची उरीच्या हल्ल्यानंतर बारगळली आणि तेव्हापासून गाडी उभीच आहे, हे सरांनी एका वाक्यात उरकलं. अहो, तेच तर सांगा ना! उभ्या गाडीचं सचिवालय चालू कसं राहतं, शेजाऱ्यांशी व्यवहार मग कुठून होतो?

त्याचं उत्तर सरांऐवजी लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याने दिलं. हा गृहस्थ माझ्या शेजारी बसायचा, वहीऐवजी बाजारभावाची डायरी घेऊन. तो उठून म्हणाला, "सर, आमच्यासाठी बांगलादेश म्हणजे सार्क नाही, बांगलादेश म्हणजे ट्रक." मग त्याने सालवार मांडलं. सप्टेंबर २०१९मध्ये आपण कांद्याची निर्यात एकदम बंद केली. पुढच्याच महिन्यात शेख हसीना दिल्लीत आल्या आणि भर कार्यक्रमात हसत म्हणाल्या, आचाऱ्याला सांगितलंय, कांदा घालू नकोस. बंदी घालायची तर आधी कळवत जा. २०२०ला पुन्हा बंदी. डिसेंबर २०२३ला पुन्हा, ती मे २०२४पर्यंत. मधल्या काळात सरकारने सरकारला म्हणून बांगलादेशला ५० हजार टन सोडायचं ठरलं. "म्हणजे मैत्री दिल्लीची, माल आमचा, आणि भाव कुणाचाच नाही," असं म्हणून तो खाली बसला. सर थोडे गोंधळले. पण पुढच्या रविवारी त्यांनी निर्यातबंदी हा विषय वेगळा घेतला, हे त्यांच्या नावावर जमा.

खरी किंमत वसूल झाली ती पाचव्या आणि सहाव्या सत्रात. ही दोन सत्रं एका मॅडमनी घेतली. पुण्याहून यायच्या, आवाज बारीक, पण फळ्यावर अक्षर मोत्यासारखं. त्यांनी झेंडे दाखवलेच नाहीत. दोन झेरॉक्स वाटल्या. एकावर अमेरिका-युरोपच्या लष्करी युतीचं, म्हणजे नाटो कराराचं पाचवं कलम, दुसऱ्यावर ९ ऑगस्ट १९७१च्या भारत-सोव्हिएत कराराचं नववं. म्हणाल्या, क्रियापदांखाली रेघा मारा.

नाटोत लिहिलंय, एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा हल्ला. मी मान डोलावली. "पुढे वाचा काका," मॅडम म्हणाल्या. पुढे लिहिलंय की प्रत्येक देश त्याला आवश्यक वाटेल ती कृती करेल. म्हणजे तोफाही पाठवेल, किंवा नुसतं पत्रही. आणि हे कलम आजवर एकदाच वापरलं गेलं, २००१ला, अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर. आपल्या करारात तर 'लढू' हा शब्दच नाही. हल्ला झाला किंवा होण्याची भीती असली तर ताबडतोब सल्लामसलत करू आणि धोका दूर करायला योग्य ती परिणामकारक पावलं उचलू, एवढंच, आणि तुमच्या शत्रूला मदत करणार नाही. तेवढ्यावर आपण त्या डिसेंबरात युद्धाला उभे राहिलो.

मग दुसरा अभ्यास. २०२५च्या जूनमध्ये शांघाय सहकार्य संघटनेच्या संरक्षणमंत्र्यांच्या बैठकीत आपण संयुक्त निवेदनावर सही केली नाही, कारण त्यात पहलगामच्या हल्ल्याचा उल्लेख नव्हता. सप्टेंबरला त्याच संघटनेच्या चीनमधल्या तिआनजिनच्या जाहीरनाम्यात पहलगाम आलं. वर्गात टाळ्या पडल्या. मॅडम थांबल्या आणि म्हणाल्या, तोच परिच्छेद शेवटपर्यंत वाचा. त्यात पाकिस्तानातल्या जाफर एक्स्प्रेसवरच्या आणि खुझदारच्या हल्ल्याचाही निषेध होता. आपल्याला आपली ओळ मिळाली, त्यांना त्यांची. मी त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिलो. ड्रॉइंग वाचताना टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, बघायचा असतो तसंच हे. मोठ्या अक्षरातलं माप सगळेच वाचतात, काम अडतं ते त्याच्या पुढच्या बारीक आकड्यावर.

मॅडमनी मलाही बोलायला लावलं. मी सांगितलं, १९९१ संपता संपता सोव्हिएत संघ मोडला तेव्हा करार कागदावर होते तसेच होते. फक्त सुट्या भागांची मागणी पाठवायची कुठे हे कळेना. कारखाने जागच्या जागी, मध्ये सरहद्दी आल्या. जॅकवर उभं केलेलं विमान एका वितभर सीलसाठी थांबलेलं असायचं आणि आम्ही त्याच्याखाली बसून डबे खायचो. त्यामुळे कुणी युती म्हटलं की मी विचारतो, पार्ट किती दिवसांत येतो? मॅडमनी हे फळ्यावर लिहिलं. परीक्षेच्या मुलींनीही उतरवून घेतलं, त्याचं जरा हसू आलं.

निवृत्त कर्नलसाहेबांची दोन सत्रं ऐकायला झकास होती. देवळालीचा माणूस, नकाशा हाताने काढतो. ईशान्य भारताला जोडणारी सिलिगुडीची चिंचोळी पट्टी, अवघी बावीसेक किलोमीटर, खडूच्या एका फटकाऱ्यात दाखवली. हंबनटोटा बंदर श्रीलंकेने २०१७ला चिनी कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने कसं दिलं तेही रंगवून सांगितलं. पण प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच, चीन. मालदीव? चीन. नेपाळ? चीन. पिंपळगावच्या द्राक्षवाल्या मुलाने विचारलं की २०२४ला आमचे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून युरोपला गेले, दोन आठवडे जास्त लागले, त्यात चीन कुठे आला? लाल समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे जहाजं वळली होती, हे साहेबांना माहीत होतं, पण त्यावर बोलायला त्यांना मजा येत नव्हती. आपल्या जिल्ह्याला सगळ्यात जवळचा सामरिक प्रश्न तो होता, आणि तो चहाच्या वेळात संपला.

लावावा का? परीक्षेसाठी लावत असाल तर पहिल्या दोन सत्रांतलं सगळं मासिकात मिळतं, पैसे वाचवा. माझ्यासारख्या रिकामटेकड्याने, व्यापाऱ्याने, बाहेर माल पाठवणाऱ्याने जरूर लावावा, मात्र मॅडम येणार आहेत का हे आधी फोन करून विचारावं. त्या नसतील तर साडेचार हजार जास्त आहेत. दुसऱ्या रांगेत खिडकीशी बसा, पडद्यावर ऊन येत नाही.

आणि पुढच्या बॅचमध्ये कुणाला त्या कपाटाची किल्ली मिळाली तर मला सांगा. तिसऱ्या कप्प्यात बंगालच्या उपसागरावरचं एक जाड निळं पुस्तक काचेतून दिसतं. दहा रविवार मी त्याची फक्त पाठ वाचलीय.