ब्लूज, फोक रॉक की प्रोग : आधी कोणता कप्पा उघडावा?

"मामा, रॉकमध्ये फ्लॉइड झालं, झेपेलिन झालं, डिलनची गाजलेली गाणीही झाली. आता जरा खोलात शिरायचंय. ब्लूज, फोक रॉक की प्रोग?" भाच्याचा हा मेसेज आला तेव्हा मी डोंबिवलीच्या फलाटावर उभा होतो. (ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं, फोक रॉक म्हणजे लोकगीतांना रॉकची वाद्यं, आणि प्रोग म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचा.) तिथल्या तिथे एका शब्दात उत्तर देता आलं असतं. दिलं नाही, कारण हाच प्रश्न मला पडला होता तेव्हा मी चुकीच्या टोकाने सुरुवात केली आणि त्यात दीड वर्ष घालवलं. त्याचं ऐकणं माझ्यासारखंच: सकाळी गाडीत तास-सव्वा तास, संध्याकाळी तेवढंच, आणि घरी मिळाला तर रविवार. हे मुद्दाम आधी सांगतो, कारण माझा सगळा निकाल त्या गाडीतच लागलेला आहे. ज्याच्याकडे स्वतःची खोली, बरे स्पीकर आणि बहिरे शेजारी आहेत त्याने यातलं निम्मं सोडून दिलं तरी चालेल.

मी सुरुवात प्रोगने केली. तिन्हींत रुबाबदार दार तेच. १९६९चा किंग क्रिमझनचा 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमझन किंग', १९७२चा यसचा 'क्लोज टू द एज', पुढच्या वर्षीचा जेनेसिसचा 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड'. क्रिमझनच्या मुखपृष्ठावरचा तो किंचाळणारा लाल चेहरा पाहूनच माणूस अर्धा गारद होतो. यसच्या अल्बमवर रचना तीनच, त्यातल्या पहिलीने एलपीची, म्हणजे मोठ्या तबकडीची, अख्खी एक बाजू खाल्लेली. जेथ्रो टलने तर त्याच वर्षी 'थिक अ‍ॅज अ ब्रिक'मध्ये दोन्ही बाजू मिळून एकच गाणं केलं. एकाच कल्पनेवर बेतलेल्या कॉन्सेप्ट अल्बमची थट्टा म्हणून केलं, आणि ती थट्टाच त्या प्रकारातली एक अव्वल चीज होऊन बसली. लांबीला आपण भ्यायचं कारण नाही. पाऊण-पाऊण तास एक राग चालतो अशा घरात वाढलेला माणूस अठरा मिनिटांना काय घाबरणार?

मला नडला तो आवाजाचा चढउतार. क्रिमझनच्या त्या अल्बमच्या दुसऱ्या बाजूला 'मूनचाइल्ड' आहे, बाराएक मिनिटांचं. सुरुवातीची दोन-अडीच मिनिटं गाणं, पुढे सगळा सुचेल तसा वाजवलेला भाग: गिटारचे एक-दोन सूर, व्हायब्राफोनची टिंगटिंग, झांजेवर नुसती बोटं फिरल्यासारखा आवाज. शांत खोलीत रात्री ऐकलं तर सुंदर आहे, नाही असं नाही. पण गाडी ठाणं सोडते, दारातून वारा घुसतो, डोक्यावर पंखे घरघरतात, शेजारचा कोणाला तरी कोटेशन पाठवायला सांगत असतो. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवता. तरी येत नाही, आणखी वाढवता. 'मूनचाइल्ड' अगदी विझत विझत संपतं, आणि लागलीच शीर्षकगीताचा ड्रम आणि मेलोट्रॉन (टेपवर मुद्रित सूर वाजवणारा कीबोर्ड) दोन्ही कानांवर कोसळतात. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी असा दचकलो की हातातली डब्याची पिशवी समोरच्याच्या गुडघ्यावर आदळली. त्याने शांतपणे विचारलं, "काय झालं, करंट लागला का?"

एकदा झालं असतं तर हसून सोडलं असतं. पण ही या प्रकाराची मुळातलीच घडण आहे. 'क्लोज टू द एज' सुरू होतं ते पाण्याच्या आणि पक्ष्यांच्या आवाजाने, तेही तळातून हळूहळू वर येत. गाडीत पहिलं मिनिट मला वाटायचं की गाणं लागलंच नाही, म्हणून बटण दाबत राहायचो आणि तेवढ्यात सगळा बँड एकदम अंगावर यायचा. त्याच रचनेत पुढे एक संथ, तरंगता भाग आहे आणि त्याच्या पोटातून चर्चचा मोठा ऑर्गन उठतो. लंडनमधल्या सेंट जाइल्स क्रिपलगेट चर्चमधला खरा पाइप ऑर्गन आहे तो. त्या संथ भागाशिवाय ऑर्गनला काही अर्थ नाही, आणि गाडीत नेमका संथ भागच गायब. हातात उरतो तो धक्का.

"मग नॉइज कॅन्सलिंगचे घे की," असं कोणी म्हणेल. ऑफिसातल्या एकाचे आठवडाभर मागून आणले होते. आवाज खरंच स्वच्छ. पण मागचा माणूस "दादर का?" म्हणून विचारतोय, हे कळेनासं झालं. तिसऱ्या दिवशी दादरला उतरायचं ते भायखळ्याला उतरलो. घरी ऐकावं तर रात्री दहानंतर तोच खेळ: हळू भाग ऐकू यावा म्हणून आवाज वर, मोठा भाग आला की आतून "अहो, आवाज!" प्रोगचे अल्बम थोर आहेत, ते मी आजही ऐकतो, पण एक हात कायम आवाजाच्या बटणावर ठेवून गाणं ऐकायचं हे मला जमलं नाही.

म्हणून ब्लूजकडे वळलो. इथे तक्रार अगदी उलटी. आवाजाची पातळी पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत बहुतेक एकच, गाणी लहान. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर मावायचं तेच तीनेक मिनिटं, त्यामुळे जुना ब्लूज एक-दोन स्टेशनांत आटोपतो. पण म्हणूनच 'अल्बम' हा शब्द इथे जरा जपून वापरावा. मिसिसिपीच्या डेल्टा भागातला ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन, त्याने उभ्या आयुष्यात अल्बम केला नाही. नोव्हेंबर १९३६मध्ये सॅन अँटोनिओला आणि जून १९३७मध्ये डॅलसला मिळून २९ गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९३८मध्ये तो गेला. आपण ज्याला त्याचा अल्बम म्हणतो तो १९६१ साली निघालेला १६ गाण्यांचा निवडक संच, 'किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स'. इंग्लंडमधल्या पोरांनी गिटार हातात घेतली ती हा ऐकून. मी मात्र हावरटपणा केला आणि १९९०चा समग्र संच घेतला. त्यात एकाच गाण्याचे दोन-दोन टेक, म्हणजे दोनदा केलेली मुद्रणं, पाठोपाठ लावलेत. अभ्यासकाला ते सोनं असेल. मला तर प्लेअर अडकलाय असंच वाटायचं, म्हणून पुढे ढकलायचो, आणि एकदा ढकलायची सवय लागली की माणूस ऐकणं सोडून नुसता ढकलतो. सुरुवात करणाऱ्याने १६चाच संच घ्यावा.

शिकागोचा विजेवरचा ब्लूज त्या मानाने फार सोपा. मडी वॉटर्सचा 'अ‍ॅट न्यूपोर्ट १९६०' लावला की डब्यात पाय हलतो. बी. बी. किंगचा 'लाइव्ह अ‍ॅट द रीगल' शिकागोत नोव्हेंबर १९६४मध्ये मुद्रित झाला. त्यातला समोरचा श्रोतावर्ग ऐकण्यासारखा आहे, बाया अशा किंचाळतात की किंगही एखादी ओळ त्यांच्यासाठी थांबवून धरतो. माझा आवडता मात्र ज्युनियर वेल्सचा १९६५चा 'हूडू मॅन ब्लूज'. मुद्रण चालू असताना गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर बिघडला, तेव्हा गिटार ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरमधून वाजवली. त्या गाण्यांत ती पाण्यातून येतेय असं वाटतं. वाजवणारा बडी गाय, पण करारामुळे नाव लावता येईना, म्हणून पहिल्या आवृत्तीवर नुसतं 'फ्रेंडली चॅप'. २०११ साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओतल्या ब्लूज महोत्सवात त्याला समोर ऐकलं तेव्हा माझ्या डोक्यात तेच नाव घोळत होतं.

मग ब्लूजवर थांबलो का नाही? खरं सांगायचं तर एकामागून एक दहा गाणी ऐकली की साचा जाणवायला लागतो. बारा बारचं (चार-चार मात्रांच्या बारा गटांचं) चक्र, पहिली ओळ दोनदा, तिसरीत टोला. तो साचा आतून कळायला वेळ लागतो. डेल्टाचे उच्चार कानात बसायला तर मला दोन पावसाळे गेले. हा माझ्या कानांचाही दोष असेल. पण आत शिरू पाहणाऱ्या नवख्याला पहिल्याच महिन्यात 'सगळं सारखंच वाटतंय' असं होण्याची भीती इथे सगळ्यात जास्त.

फोक रॉक मी नाइलाजाने लावला. मनात चित्र होतं ते दाढीवाले लोक बासरी वाजवतायत असं. लावला तो फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश बँडचा 'लीज अँड लीफ', डिसेंबर १९६९चा. त्याच वर्षी मे महिन्यात बँडची गाडी एम-वन रस्त्यावर उलटली होती. त्यात त्यांचा ड्रमर मार्टिन लँबल गेला, वय अवघं १९. जुनी गाणी पुन्हा वाजवायची उमेद राहिली नाही. उरलेले लोक हॅम्पशरमधल्या एका खेड्यात मोठं घर घेऊन राहिले, नवा ड्रमर आणि डेव्ह स्वॉर्ब्रिक नावाचा फिडलवाला (फिडल म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन) सोबत घेतला. बेस वाजवणारा अ‍ॅश्ली हचिंग्ज लंडनच्या सेसिल शार्प हाउस या लोकसंगीत केंद्राच्या ग्रंथालयात बसून जुनी लोककाव्यं उकरून आणायचा. त्यातून हा अल्बम झाला.

त्यावरचं 'मॅटी ग्रोव्ह्ज' आठ मिनिटांचं आहे. सरदाराची बायको एका तरुणाला घरी नेते, नोकर धावत जाऊन धन्याला सांगतो, धनी परततो, पुढे तलवारी. बँडची गायिका सँडी डेनी ते कसलाही अभिनय न करता सांगते, गावातली बाई विहिरीवर सांगेल तसं, आणि म्हणूनच काटा येतो. कथा संपते आणि शेवटची तीनेक मिनिटं रिचर्ड थॉम्पसनची गिटार आणि स्वॉर्ब्रिकचं फिडल एकमेकांच्या मागे लागतात. घाटकोपरला कोणी हाक मारली, बोलावं लागलं, तरी बिघडत नाही. कथा कुठे सोडली ते लक्षात राहतं आणि परतीच्या गाडीत तिथूनच उचलता येते. प्रोग मधे तुटला की पहिल्यापासून लावावा लागतो. आणि मुख्य म्हणजे आवाज! बाईचा गळा पुढे, वाद्यं मागे, पातळी सारखी. त्या सकाळी बटणाला हात लावला तो डोंबिवलीला, नंतर थेट मस्जिदला, तोही इअरफोन काढून खिशात ठेवायला.

याही कप्प्यात खडे आहेत. पहिलं 'कम ऑल ये' मला आजही जरा शाळेच्या गॅदरिंगसारखं वाटतं. पेंटँगलचा १९६९चाच 'बास्केट ऑफ लाइट' फार नाजूक विणीचा, पण त्यातला डॅनी थॉम्पसनचा डबल बेस गाडीत साफ बुडतो. निक ड्रेकचा 'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट'ही घरीच ऐकावा. त्याच्या कुजबुजीला लोकलचा डबा म्हणजे छळ. आणि कोणाला विजेची गिटार पोटात जाणवल्याशिवाय चैनच पडत नसेल, तर त्याने माझं न ऐकता सरळ मडी वॉटर्स लावावा.

शिवाय हे कप्पे वाटतात तितके वेगळे नाहीत. 'लीज अँड लीफ'चा निर्माता जो बॉइड १९६४मध्ये मडी वॉटर्सच्या दौऱ्याची व्यवस्था पाहत होता, आणि पिंक फ्लॉइडचं पहिलं सिंगलही त्यानेच केलं. ज्याला निवड करवतच नाही त्याच्यासाठी जेथ्रो टल आहे: १९६८चा 'धिस वॉज' ब्लूजचा, १९७२चा 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' प्रोगचा, १९७७चा 'साँग्ज फ्रॉम द वुड' लोकसंगीताच्या वळणाचा. एकाच बँडने तिन्ही दारं दाखवली. पण हा मार्ग तडजोडीचा आहे असं मला वाटतं. पहिल्या अल्बममधला ब्लूज शिकागोइतका मुरलेला नाही.

भाच्याला शेवटी रात्री लिहिलं: आधी 'लीज अँड लीफ', महिनाभर तोच. मग 'हूडू मॅन ब्लूज'. क्रिमझन दिवाळीच्या सुट्टीत, घरी, दुपारी. आणि 'लीज अँड लीफ' लावशील तेव्हा मूळचीच आठ गाणी लाव, 'क्रेझी मॅन मायकल'वर संपणारी. नव्या आवृत्त्यांत त्याच्यापुढे जादा गाणी जोडलेली असतात. ती आत्ता नकोत, नाहीतर मी समग्र जॉन्सन ढकलत बसायचो तसं होईल.