ठिपके-फुल्या की रेघा?

सेलूहून भाचीचा फोन आला. यंदा दहावीला आहे ती. "मामा, सहसंयुज बंध ठिपक्यांनी दाखवू का रेघांनी?" म्हणजे दोन अणूंनी इलेक्ट्रॉनची जोडी वाटून घेऊन झालेला बंध. ठिपके-फुल्यांत प्रत्येक इलेक्ट्रॉन वेगळा दिसतो, रेघांत एका जोडीला एक रेघ.

वेळेचं बघितलं तर रेघ सरळ जिंकते. ब्युटेनमध्ये २६ संयुजा इलेक्ट्रॉन, म्हणजे अणूंच्या सर्वांत बाहेरच्या कक्षेतले. तेवढे ठिपके-फुल्या काढताना एखादा निसटतोच. रेघा फक्त १३. जागाही कमी लागते.

पण चूक सापडायला ठिपकेच हवेत. तिनं पाठवलेल्या फोटोत नायट्रोजनच्या दोन अणूंमध्ये दोनच रेघा होत्या आणि तिला त्यात काही खटकलं नव्हतं. तोच रेणू मी दोन वर्तुळं एकमेकांत अडकवून काढायला लावला. एकाचे ५ ठिपके, दुसऱ्याच्या ५ फुल्या. सामाईक जागेत दोन जोड्या ठेवून तिनं मोजलं, तर प्रत्येकाजवळ ७च भरले! तिसरी जोडी तिनं स्वतःहून आत घेतली. अष्टक, म्हणजे बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन, असं हाताला कळावं लागतं. बंध म्हणजे वाटून घेतलेली जोडी, हे रसायनशास्त्रज्ञ लुईसनं १९१६ साली मांडलं; रेघ म्हणजे त्या जोडीचीच खूण.

अमोनियातली न वाटलेली जोडी नुसत्या रेघांत राहून जाते, आणि हायड्रोजन आयन नेमका तिथंच जोडला जातो. मिथेनचा १०९.५ अंशांचा कोन मात्र दोन्हींत दिसत नाही.

बंध पहिल्यांदा शिकताना, लहान रेणूंना ठिपके-फुल्या. कार्बनच्या साखळ्या आणि समघटक (सूत्र तेच, रचना वेगळी) काढायचे तर रेघा. पाणी, अमोनिया असेल तर रेघा आखून न वाटलेल्या जोड्यांचे ठिपके वर द्यायचेच.