ओल्या शिरीषाची ‘शिसव’

पावसाळ्यात पुण्या-मुंबईत पडलेल्या विलायती शिरीषाचा ८ फुटी ओंडका एका सौद्यात ‘शिसव, सीझन केलेली (म्हणजे नीट वाळवलेली), पालिकेच्या लिलावातली’ म्हणून विकला गेला. तिन्ही गोष्टी खोट्या होत्या.

शिरीषाचं आतलं लाकूड चॉकलेटी असतं, पॉलिशखाली रंगावरून गल्लत होतेच. पण खरा घोळ वजनात आहे. वाळलेली शिसव घनफुटाला साधारण २२-२४ किलो भरते, वाळलेला शिरीष १५-१६. ओला शिरीष मात्र शिसवीइतकाच जड लागतो. हातात तोलून पारखणारा इथेच फसतो.

ओल लपवायला फळी चार दिवस उन्हात ठेवतात, टोकांना रंग फासतात. ओलावामापकाच्या सुया पृष्ठभागालाच टोचल्या तर आकडा १४ टक्के दिसतो. टोकापासून दीड फूट आत कापून ताज्या कापावर टोचा. त्याहून खात्रीचं म्हणजे तुकडा तोलायचा, १०३ अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवायचा, पुन्हा तोलायचा. ५०० ग्रॅमचा तुकडा ३५० वर आला तर ओलावा ४३ टक्के! भागाकार वाळलेल्या वजनाने करायचा, ओल्या नव्हे. फर्निचरला १०-१२ टक्के हवा.

मापातली लबाडी जुनीच. हिशोब असा: मधला घेर (इंच) गुणिले तोच घेर, गुणिले लांबी (फूट), भागिले २३०४. या ८ फुटी ओंडक्याचा घेर ६० असेल तर १२.५ घनफूट. विकणाऱ्याने टेप बुंध्याकडे, ७२ इंचांवर धरला आणि १८ घनफुटांचे पैसे घेतले. टेप स्वतः धरा, तोही साल काढून.

लाकडाच्या कडेचा, सालीलगतचा पिवळट पट्टा राहू दिला तर भुंगा लागतो. आधी काहीच दिसत नाही. टेबल घरात आल्यावर मैद्यासारखी बारीक पूड पडू लागते. वरून पॉलिश मारून आतली अळी मरत नाही. एक तर तो पट्टा कापून टाका, नाहीतर लाकूड वाळवायच्या भट्टीत जाडीच्या मध्यापर्यंत ५६ अंश, किमान ३० मिनिटं टिकल्याची नोंद मागा.

लिलावाची पावती आणि वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आगाऊ रक्कम देण्याआधी पाहायची. ‘नंतर पाठवतो’ म्हणणाऱ्याकडे बहुधा ती नसतेच. शेवटी खिळे. रस्त्याकडेच्या झाडाला जाहिरातींच्या पाट्या ठोकलेल्या असतात. कापावर निळसर-काळा डाग दिसला की आत लोखंड समजा आणि मेटल डिटेक्टर फिरवल्याशिवाय ओंडका आरागिरणीत चढवू नका. पातं तुटलं तर त्याचे पैसे गिऱ्हाइकाकडूनच घेतात.