शनिवारचा दुवा: आरएसएस वाचक नऊ महिने वापरल्यानंतर

गेल्या जूनमध्ये मी फोनवर आरएसएस वाचक, म्हणजे आपण निवडलेल्या संकेतस्थळांवरचा नवा मजकूर एकत्र आणून दाखवणारे अ‍ॅप, घेतला, त्याला आता नऊ महिने झाले. मी सांगलीत कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. घरची मंडळी आणि जुन्या मैत्रिणी मिळून १९ जणांचा आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. त्यावर दर शनिवारी सकाळी विज्ञान, संगणक, संगीत किंवा स्वयंपाकघरातली एखादी साधी गोष्ट यांविषयी वाचण्यासारखा एकच दुवा टाकायचा आणि तो का टाकला हे दोन ओळींत सांगायचे, असा नेम मी धरला आहे. हे दुवे शोधणे सोपे व्हावे, एवढ्याच हेतूने मी या साधनाकडे वळले. आता माझे मत असे झाले आहे की, ज्याला दुसऱ्याला काही चांगले वाचायला द्यायचे असेल त्याने ते आधी स्वतः शांतपणे वाचले पाहिजे, आणि तशी शांतता मला फोनवर दुसरीकडे कुठेही मिळालेली नाही.

आरएसएस म्हणजे संकेतस्थळाने आपल्या नव्या मजकुराची ठरावीक साच्यात ठेवलेली यादी, जिला फीड म्हणतात. आपले अ‍ॅप अधूनमधून ती तपासते आणि नवे काही आले असेल तर आपल्यापुढे आणून ठेवते. १९९९ साली नेटस्केपमध्ये रामनाथन गुहा आणि डॅन लिबी यांनी तिची पहिली आवृत्ती तयार केली. १ जुलै २०१३ रोजी गुगल रीडर हा गुगलचा असाच वाचक बंद झाला तेव्हा हे तंत्रच संपले असा अनेकांचा समज झाला, पण पॉडकास्टचे नवे भाग आजही बहुतेक याच मार्गाने ऐकणाऱ्यांपर्यंत पोहोचतात. मी वापरते ते अ‍ॅप मोफत आहे, मुक्तस्रोत आहे (म्हणजे त्याची संगणकीय संहिता कोणालाही पाहता येते) आणि खाते उघडायला सांगत नाही. त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण आपल्या स्रोतांची सगळी यादी ओपीएमएल नावाच्या एका छोट्या फाईलमध्ये काढून दुसऱ्या कुठल्याही वाचकात नेता येते. माझ्या लेखी महत्त्व आहे ते त्या यादीला.

मांडणी करायला एक रविवार लागला. बहुतेक ठिकाणी मुख्य पानाचा पत्ता दिला की अ‍ॅप फीड आपणच शोधून काढते. जिथे सापडत नाही तिथे, संकेतस्थळ वर्डप्रेस या संकेतस्थळे बनवण्याच्या प्रणालीवर चालणारे असेल तर, पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ देऊन इंग्रजी अक्षरांत ‘फीड’ हा शब्द जोडला की काम होते. यूट्यूबवरच्या वाहिन्याही अशाच जोडता येतात. हौसेने मी ७० हून जास्त स्रोत भरले आणि पहिल्याच महिन्यात न वाचलेल्या नोंदी दीड हजारांवर गेल्या. मग रोज दहा-वीस बातम्या टाकणारे सगळे स्रोत काढून टाकले. आता ४३ उरले आहेत. त्यांतले निम्मे महिन्यातून एखाद-दोनदाच काही लिहितात, आणि शनिवारचे दुवे मला बहुधा त्यांच्याकडूनच मिळतात. रोजचे असे मी एकच ठेवले आहे, ते नासाचे खगोलशास्त्रीय चित्र. १६ जून १९९५ पासून हे रोज येत आहे आणि प्रत्येक चित्राखाली खगोलशास्त्रज्ञाने लिहिलेला छोटा परिच्छेद असतो.

त्या परिच्छेदाचे मोल मला एका चुकीमुळे कळले. दिवाळीच्या रात्री उपग्रहातून दिसलेला भारत म्हणून फिरणारे रंगीबेरंगी चित्र काही वर्षांपूर्वी मीही याच गटावर पाठवले होते. ते दिवाळीचे नाहीच. अमेरिकेच्या नोआ या हवामान आणि समुद्र यांचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेतील ख्रिस एल्व्हिज यांनी अनेक वर्षांच्या उपग्रह-नोंदी एकत्र करून ते बनवले होते आणि १९९२, १९९८, २००३ अशा टप्प्यांनी वाढत गेलेले दिवे त्यात वेगवेगळ्या रंगांनी दाखवले होते. भौतिकशास्त्राच्या शिक्षिकेने पाठवले म्हणून गटातल्या लोकांनी ते पुढे पाठवले, ही गोष्ट मला आजही बोचते. वाचकात येणाऱ्या बहुतेक नोंदींवर त्या कोणी आणि केव्हा लिहिल्या हे दिसते, त्यामुळे मूळ जागी जाऊन पडताळणे सोपे होते. तेव्हापासून मुळाशी गेल्याशिवाय मी काहीही पुढे पाठवत नाही.

या नऊ महिन्यांत सर्वांत जास्त काही देऊन गेलेला दुवा तंबोऱ्याचा होता. वाद्यांच्या ध्वनिशास्त्रावर लिहिणाऱ्या एका स्रोतात सी. व्ही. रामन यांच्या १९२१ सालच्या निबंधाचा उल्लेख आला. तारेतून मूळ स्वरासोबत काही वरचे स्वरही उमटतात, त्यांना अधिस्वरक म्हणतात. यंग आणि हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञांच्या नियमाप्रमाणे तार ज्या बिंदूवर छेडली, तो बिंदू ज्यांचा निस्पंद बिंदू (म्हणजे कंपनात स्थिर राहणारी जागा) असतो, असे अधिस्वरक उमटायला नकोत. तंबोऱ्याची तार मात्र हा नियम पाळत नाही, तिच्यातून ते अधिस्वरकही स्पष्ट ऐकू येतात, असे रामन यांनी दाखवले. याचे कारण घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या, किंचित वक्र पृष्ठभागात आणि तिच्यावर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्यात आहे. कंप पावताना तार त्या पृष्ठभागाला पुन:पुन्हा हलकेच टेकते आणि सुटते, आणि त्यातून स्वरकांची ती दाट गुंजन उभी राहते. यालाच आपण जवारी म्हणतो.

मिरज आमच्यापासून जेमतेम दहा किलोमीटरवर आहे आणि तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले, तरी मी कधी तिथल्या वाद्ये बनवणाऱ्यांच्या गल्लीत पाऊल टाकले नव्हते. दुवा पाठवण्याआधी एका शुक्रवारी दुपारी गेले. कारागिरांनी आधी दोरा न घालता तार छेडून दाखवली, तेव्हा आवाज कोरडा आणि चटकन विरणारा आला. मग तारेखाली सुती दोरा घातला आणि तो नखाने पुढे-मागे करू लागले. एका जागी येताच तीच तार एकदम उजळली आणि खोलीभर घुमत राहिली. “मॅडम, केसभर जरी सरकला तरी तार मुकी होते,” ते म्हणाले. मी त्याचे चाळीस सेकंदांचे ध्वनिमुद्रण केले आणि दुव्यासोबत पाठवले. माझ्या मावशीने तब्बल बावीस वर्षांनी माळ्यावरचा तंबोरा खाली उतरवून घेतला.

शोधाची सोय चांगली आहे, पण मराठी मजकुरासाठी ती एका ठिकाणी अडते. सह्याद्रीवरचा साठवलेला एक लेख ‘दऱ्या’ हा शब्द टाकून काही केल्या सापडेना. लेख उघडला तर शब्द डोळ्यांसमोर होता. पुढे युनिकोड, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याची पद्धत, हिच्यावरच्या एका नोंदीत उलगडा झाला. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या खोल जागा, हा फरक दाखवणारा अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो: नुक्त्याचा ऱ घेऊन, किंवा साध्या र-नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण यंत्राला ते वेगळे शब्द वाटतात. सुऱ्या, वाऱ्यावर, आचाऱ्यास, सगळीकडे हीच अडचण येते. तो दुवाही एका शनिवारी गेला, आणि मुद्रितशोधन करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला आपल्या फाइलींतल्या कित्येक न सापडणाऱ्या चुकांचे मूळ मिळाले.

त्रुटी आणखी आहेत. माझ्या फोनची बॅटरी वाचवणारी सोय हे अ‍ॅप पार्श्वभूमीत बंद करून टाकत असे, त्यामुळे पहिले तीन आठवडे नोंदी वेळेवर येतच नव्हत्या. सेटिंगमध्ये अ‍ॅपला त्यातून सूट दिल्यावर हा त्रास थांबला. बहुतेक फीडमध्ये शेवटच्या दहा-पंधरा नोंदीच असतात, म्हणून दिवाळीत गावी फोन बंद होता तेव्हा काही स्रोतांचे लेख कायमचे हुकले. काही ठिकाणी फीडमध्ये फक्त पहिला परिच्छेद देतात आणि पूर्ण लेखासाठी मूळ पानावर जावे लागते. मराठीतून नियमित आणि सकस लिहिणारे स्रोत माझ्या यादीत केवळ सहा आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते. कोणाला आणखी ठाऊक असतील तर जरूर कळवावे.

काही दुवे लगेच वापरात आले. तव्यावर शिंतोडलेले पाणी कधी चुरचुरून विरते, तर तवा जास्त तापल्यावर मोत्यासारखे घरंगळते, या लायडेनफ्रॉस्ट परिणामावरचा दुवा वाचून गटातल्या तीन घरी त्याच दिवशी आंबोळ्या झाल्या.

दर महिन्याच्या एक तारखेला मी ओपीएमएल फाईलची प्रत काढून ठेवते. जानेवारीत फोन बदलला तेव्हा नव्या फोनवर सगळे ४३ स्रोत दहा मिनिटांत परत जागेवर आले होते.