रेन गार्डनच्या नावाखाली पुरलेला राडारोडा

छतावरून आणि फरसबंदीवरून वाहून जाणारे पावसाचे पाणी अडवून जागेवरच जिरवावे, या हेतूने आम्ही घराशेजारी रेन गार्डन करून घेतले आणि त्या कामात आमची फसवणूक झाली. तक्रार अद्याप निकाली निघालेली नसल्यामुळे कंत्राटदाराचे नाव येथे देत नाही. फसवणूक कोणत्या टप्प्यावर कशी केली जाते, एवढेच सविस्तर लिहीत आहे. या कामात लागणारा सगळा माल जमिनीखाली जातो, वर झाडे लागतात आणि पहिला जोराचा पाऊस येईपर्यंत चोख काम आणि बनावट काम एकसारखेच दिसते. तोवर बिल वसूल झालेले असते.

वास्तविक रेन गार्डन ही काही गुंतागुंतीची गोष्ट नाही. १९९० च्या सुमारास अमेरिकेतील मेरीलँड राज्यातल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीमध्ये एका नव्या वसाहतीत ही कल्पना प्रथम मोठ्या प्रमाणावर राबवण्यात आली आणि तेथून ती पसरली. साधारण पंधरा ते वीस सेंटीमीटर खोलीचा, सपाट तळाचा वाफा, उताराकडच्या बाजूला मातीचा बांध, पाणी आत शिरते तेथे वेग मोडण्यासाठी दगड, जास्तीचे पाणी बाहेर पडण्यासाठी सांडवा, आणि पाण्यात उभी राहणारी तशीच कोरड्यातही तग धरणारी झाडे, एवढाच त्याचा पसारा. घराच्या पायापासून तो किमान तीन मीटर दूर असावा लागतो. जमलेले पाणी एक-दोन दिवसांत जिरलेच पाहिजे, कारण त्यावरच सगळा उद्देश अवलंबून आहे.

पहिली लबाडी मापात होती. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते, हे लक्षात ठेवले तर हिशेब कोणालाही करता येतो. आमच्या छताचा जेमतेम अर्धा भाग, म्हणजे सुमारे साठ चौरस मीटर, ज्या पन्हळीला मिळतो तीच पन्हळ या वाफ्यात सोडायची होती. पंचवीस मिलिमीटर पावसात तेथून दीड हजार लिटर पाणी येणार आणि पंधरा सेंटीमीटर खोलीच्या दहा चौरस मीटर वाफ्यात ते मावणार. कंत्राटदाराने मात्र संपूर्ण छत हिशेबात धरून वाफा दुप्पट मोठा आखला, कारण त्याची आकारणी चौरस मीटरवर होती. आराखड्यात पन्हळींचा उल्लेखच नव्हता. छताचा कोणता उतार कोणत्या पन्हळीला मिळतो, हे आराखड्यावर दाखवलेले नसेल तर पुढचे आकडे कितीही नेटके दिसोत, त्यांना अर्थ नाही.

दुसरी लबाडी अधिक धीट होती. अंदाजपत्रकासोबत ‘पाझर चाचणी अहवाल’ जोडलेला होता आणि त्याचे शुल्क वेगळे घेतले होते. ही चाचणी करताना सुमारे तीस सेंटीमीटर खोलीचा खड्डा घेऊन तो पाण्याने भरतात, ते पाणी पूर्ण जिरू देतात, मग पुन्हा भरून पातळी दर तासाला किती उतरते ते मोजतात. अहवालात दोन खड्डे दाखवले होते आणि दोन्हींत प्रत्येक तासाला पाणी बरोबर अडीच सेंटीमीटर उतरल्याची नोंद होती. माती असे वागत नाही. कोरडी माती सुरुवातीला पाणी भराभर ओढते आणि भिजत जाईल तसा तिचा वेग मंदावतो. शिवाय एकाच आवारातल्या दोन खड्ड्यांचे आकडे तंतोतंत जुळणे जवळपास अशक्यच. ज्या जागी खड्डे घेतल्याचे लिहिले होते तेथील हिरवळही कोणी उकरल्याची खूण नव्हती. पंधरा सेंटीमीटर पाणी चोवीस तासांत जिरण्यासाठी तासाला सहा-सात मिलिमीटरचा वेग पुरतो. नंतर आम्ही स्वतः चाचणी घेतली तेव्हा तेवढाही वेग मिळाला नाही.

पावसाळ्यात वाफा भरला आणि पाणी चार दिवस हलले नाही. कंत्राटदाराचे उत्तर तयार होते: ‘‘पहिल्या वर्षी असेच होते, साहेब. मुळे खोल गेली की आपोआप जिरेल.’’ यात अर्धे सत्य आहे, म्हणूनच ते धोक्याचे आहे. झाडांची मुळे वर्षानुवर्षे माती मोकळी करतात हे खरे; पण नीट केलेला वाफा पहिल्या वर्षीही दोन दिवसांच्या आत रिकामा होतो. तो तसा व्हावाच लागतो, कारण डासाच्या अळीला पाण्यात वाढून डास व्हायला साधारण आठवडा पुरतो.

पाणी ओसरल्यावर एका कोपऱ्यात फावड्याने उभा छेद घेतला. वरचा चार बोटांचा थर काळा, भुसभुशीत आणि बिलात लिहिल्याप्रमाणे होता. त्याखाली फरशीचे तुकडे, गिलाव्याच्या खपल्या आणि सिमेंटचा पांढुरका चुरा लागला, आणि त्याच्याही खाली चिकण मातीवर जेसीबीच्या दात्यांनी घासून काढलेल्या गुळगुळीत रेघा अजून दिसत होत्या. निम्म्याहून अधिक भाग धुतलेल्या जाड वाळूचा आणि उरलेला माती व कंपोस्टचा, असे मिश्रण भरल्याचे पैसे आम्ही दिले होते. थोडी वाळू चिकण मातीत कालवली तरी ती विटेसारखी घट्ट होते. येथे तर वाळूच्या नावाखाली दगडाची भुकटी आली होती. ते मिश्रण पारदर्शक बरणीत पाण्यासह ढवळून ठेवले की शहानिशा होते: खरी वाळू मिनिटभरात तळाशी बसते, भुकटी आणि चिकण माती मात्र पाणी बराच वेळ गढूळ ठेवतात.

हे छायाचित्रांसह दाखवल्यावर कंत्राटदाराने नवे काम सुचवले. तळाशी सच्छिद्र नळी टाकून पाणी थेट रस्त्याच्या गटारात सोडायचे, अर्थात वेगळा खर्च घेऊन. भारी मातीत अशी नळी योग्य मिश्रणाखाली टाकतात, ते चुकीचे नाही. पण राडारोड्याखालून पाणी गटारात पोहोचवायचे असेल तर पन्हळच सरळ गटाराला जोडलेली काय वाईट होती? आम्ही नकार दिला, शिल्लक रक्कम रोखली आणि लेखी तक्रार केली.

दुरुस्तीसाठी नवी अंदाजपत्रके मागवताना तीन अटी लेखी घातल्या. पाझर चाचणी आमच्या समोर व्हावी. खोदलेल्या तळावर यंत्र चालवू नये आणि प्रत्येक थर झाकण्यापूर्वी आम्हाला दाखवावा. आणि शेवटचा हप्ता वाफा नळीने काठोकाठ भरून, पट्टीने मोजून, पाणी दोन दिवसांत जिरल्यावरच मिळेल. या अटी वाचून एकाने अंदाजपत्रकच पाठवले नाही. दुसऱ्याने फोन करून, चाचणीसाठी पाणी आमचे की त्याचे, एवढेच विचारले. त्याला काम दिले.